टपालखोलीतली व्हर्लीन

व्हर्लीन स्टबलफील्डला तुरुंगाच्या तपास पथकात घेतलं, तेव्हा माझ्या पोटात असं दुखलं की विचारू नका. अहो, टेक्सासच्या उकाड्यात बावीस वर्षं बराकी सांभाळल्या मी. कैद्यांच्या शिव्या खाल्ल्या मी. आणि ही बाई? टपालखोलीत पंखा लावून त्यांची पत्रं वाचत बसायची!

हां, नजर मात्र तिखट. एकदा कुणा कैद्याच्या लेकीनं काढलेलं रंगीत चित्र आलं. हिनं नुसतं बोटांत चोळलं नि म्हणाली, "कागद कडक लागतोय. कशात तरी बुडवून वाळवलाय." तपासलं तर नशेचंच औषध निघालं. वॉर्डनसाहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मीही टाळ्या वाजवल्या, चांगल्या जोरात.

पथकात जागा एकच होती. काळा शर्ट, स्वतःचं टेबल, बराकीची कटकट कायमची बंद. ती जागा मला हवी होती. निवड झाल्यावर हिनं केळ्याचं पुडिंग आणलं. "ओडेल, घे की रे अजून!" मी दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा मनात तिचा उद्धार केला.

तिचे पहिले तीन महिने कच्चे होते. एक तक्रार आली की परत टपालखोली. मग मी डाव्या हातानं, कैद्यांना देतात तसल्या बुटक्या पेन्सिलीनं चिठ्ठी लिहिली: व्हर्लीन रोज ०६१५ ला ब बराकीत चोरून पत्रं पोचवते. सही केली नाही. कैद्यांच्या तक्रारपेटीत टाकून आलो.

आठवड्यानं मला पथकाच्या खोलीत बोलावलं. चिठ्ठी टेबलावर, पथकाचे साहेब शेजारी.

"ओडेल, कैदी वेळ कशी सांगतो रे?" व्हर्लीननं विचारलं.

"म्हणजे?"

"'नाश्त्याआधी' म्हणतो. 'मोजणी झाल्यावर' म्हणतो. इतकी वर्षं त्यांची पत्रं वाचली, सव्वासहाला 'शून्य सहा पंधरा' एकानंही लिहिलं नाही. तसं आपण लिहितो, नोंदवहीत. आणि ब बराकीची सकाळची नोंदवही तुझ्याकडे असते."

मी चिठ्ठीवरचे ते चार आकडे पुन्हा वाचले.

"मेल्या, माझं पुडिंग खाऊन हे धंदे?" ती म्हणाली. साहेबांनी कागद पुढे सरकवला. मी कबुली दिली.

आता मला टेहळणीच्या मनोऱ्यावर टाकलंय. रोज सकाळी तिची गाडी खाली पथकाच्या राखीव जागेत लागते आणि मी वहीत लिहितो, ०७४०. टेबल गेलं त्याचं दुःख आहेच. पण खरी आग कशाची होते सांगू? तीच चिठ्ठी माझ्यासमोर तपासाला आली असती ना, तर मला काही म्हणजे काही कळलं नसतं.