रिठ्याचं पाणी आणि नव्वद मोगरे

२४ मार्च १९८५, रविवार. सकाळी मी रिठे फोडायला बसले होते. लग्नात नेसलेल्या दोन रेशमी साड्या धुवायच्या होत्या. रिठा बत्त्यानं फोडायचा, बी टाकून द्यायची, टरफलं गरम पाण्यात भिजत घालायची. दोन-तीन तासांनी कुस्करली की पाणी तयार. साडीची जर काळी पडत नाही, रंग जात नाही.

टरफलं भिजत घातली तोवर दारात वहिनी उभी. नात्यातली नव्हे, पण मी तिला वहिनीच म्हणायची; ही मालवणची. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर तो मरोळच्या औद्योगिक वसाहतीत वॉचमन झाला आणि हिनं तिथल्याच कुंपणालगतच्या पट्ट्यात झाडं लावून विकायला सुरुवात केली. माझं प्रयोगशाळेतलं काम त्याच वसाहतीत, म्हणून ओळख.

"अगो, चल माझ्यावांगडा. माझे मोगरे गेले."

शेजारच्या कारखान्याच्या नव्या शेडची पुढच्या रविवारी पूजा होती. त्यासाठी तिला मोगऱ्याच्या नव्वद कुंड्यांची ऑर्डर मिळाली होती. तिथला मॅनेजर सोमवारी सकाळी झाडं पाहायला येणार होता. पसंत पडली तर कारखान्याच्या बागेचं वर्षभराचं काम तिचं, नाहीतर दुसऱ्या नर्सरीचं. आणि ही मधल्या काळात शिमग्याला गावी जाऊन आली होती. देवाची पालखी दारात येणार आणि घराला कुलूप, हे तिला चालणारच नव्हतं. झाडं नवऱ्यावर सोपवली होती.

जाऊन पाहते तर नव्वद मोगरे माना टाकून उभे. कळ्या धरलेल्या, पण पानं लोंबलेली.

"शप्पथ सांगतंय, दोन टायम पाणी घातलंय," वहिनीचा नवरा, म्हणजे भाऊजी, मला म्हणाले.

"मगे ता पाणी गेला खंय? तुमच्या पोटात?"

मी एका कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं. ते वर थबकलं, अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब झाले, मग कडेनं सुळकन खाली गेलं आणि भोकातून बाहेर. कुंडी उचलली तर रिकाम्या डब्यासारखी हलकी. वरून ओलं, आतून खडखडीत.

वहिनी कुंडीत मातीपेक्षा सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, भुसा जास्त भरायची. गावी काथ्या वळतात, त्याचा भुसा ती पोत्यांनी आणायची. ओला असेल तोवर तो पाणी छान धरून ठेवतो. पण एकदा पूर्ण वाळला की आक्रसतो, कुंडीची कड सोडतो आणि पाण्याला आत घेत नाही. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा भाऊजींनी कबूल केलं, की मध्ये चार दिवस डबल ड्युटी लागली होती आणि पाणी घालायचं राहिलं होतं. म्हणजे वाळला तो त्या चार दिवसांत. त्यानंतर त्यांनी खरंच दोन वेळा पाणी घातलं होतं, पण ते सगळं गटारात गेलं होतं.

मला तर आनंदच झाला. झाडं मरत होती हे खरं, पण हा माझा रोजचा धंदा होता! आमच्या कारखान्यात कापड रंगवणाऱ्यांसाठी वेटिंग एजंट बनायचं. कोरं कापड पाण्यावर तरंगत राहतं, त्यात हे द्रव टाकलं की चटकन भिजतं. सुताची गुंडी पाण्यात टाकायची आणि किती सेकंदांत बुडते ते मोजायचं, हे मी रोज वीस वेळा करत होते. कापड भिजतं तर भुसा का नाही? मी घरी धावले, नमुन्याची बाटली आणली, बादलीत झाकणभर टाकलं आणि एका कुंडीत ओतलं.

पाणी गप्पकन आत गेलं. वहिनीनं टाळी वाजवली.

दहा मिनिटांत दोन गांडुळं वर आली, वळवळली आणि निपचित पडली. वहिनीनं बाटली उचलून गेटबाहेर नेऊन ठेवली.

"बरा झाला, सगळ्यांत नाय वतलंस. मोठी शिकलेली!"

बोलणं लागलं, पण बरोबर होतं. कापडात गांडुळं नसतात, हे मी विसरले होते. वसाहतीमागच्या नाल्यावर फेस दिवसेंदिवस बसून राहायचा, तोही मी रोज बघत होतेच. तेच मी कुंडीत ओतलं होतं.

घरी आले. दुपारचे दोन वाजले होते. चिडूनच रिठे कुस्करायला घेतले. हातावर फेस आला आणि मी थांबले. देवघरातून कापसाची कोरडी वात आणली, साध्या पाण्याच्या वाटीत टाकली. पाच मिनिटं झाली तरी तरंगतच. दुसरी वात रिठ्याच्या पाण्यात टाकली आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत बसले. अकरा सेकंदांत बुडाली! पाणी चौपट पातळ केलं, तरी अर्ध्या मिनिटाच्या आत खाली. मी एकटीच मोठ्यानं ओरडले. साड्या तशाच टाकल्या, बादली उचलली आणि न्हाणीघरातल्या स्लिपरांवर निघाले.

वहिनी काही लगेच मानली नाही.

"आमच्याकडे व्हाळात असलीच फळां ठेचून घालतत. मासे उताणे पडतत. मगे माझी गांडुळां?"

"म्हणून तर पातळ करून आणलंय. आणि एकाच कुंडीत बघू आधी."

"आणि ह्याचो फेस ऱ्हवलो तर? नाल्यासारखो?"

"वहिनी, तू रिठ्याचं पाणी दुसऱ्या दिवसाला ठेवतेस का?"

"छा! आंबता ना ता. वास मारता."

"आंबतं, म्हणजे जंतू ते खातात. मातीतले पण खातील. माझी बाटली दोन वर्षं कपाटात आहे, तिला काही होत नाही. म्हणजे ती कुणीच खात नाही."

तिनं कडेची एक कुंडी पुढे ओढली. मग म्हणाली, "वत."

हळूहळू ओतलं. थोडा फेस आला, बसला. पाणी भुशाच्या मधोमध उतरायला लागलं. कडेनं नाही, मधोमध! खालच्या भोकातून एक थेंब येईना. पुन्हा ओतलं, तेही प्यायलं. कुंडी दोन्ही हातांनी उचलावी लागली. अर्धा तास आम्ही तिघं त्या कुंडीभोवती उकिडवे बसून गांडुळाची वाट बघत होतो. एकही वर आलं नाही. वहिनीनं बोटानं उकरून पाहिलं, एक खाली सापडलं, जिवंत.

"आता काय बघत बसलात? रिठे हाडा!"

भाऊजी सायकलवरून वाण्याकडे गेले आणि होते तेवढे रिठे घेऊन आले. वहिनीनं स्टोव्हवर पातेलं चढवलं. मी प्रमाण ठरवलं: बादलीला वाटीभर टरफलांचं पाणी. वहिनी ओतायची, मी कुंडी उचलून वजन बघायची, हलकी लागली की "अजून" म्हणायची. भाऊजी पाणी आणून आणून दमले. अंधार पडायच्या आत नव्वदही कुंड्या झाल्या. माझ्या दंडांत गोळे आले होते आणि मी शाळेतल्या मुलीसारखी बडबडत होते. वहिनी मात्र एकेक पान उलटून बघत होती. पानं अजून लोंबलेलीच होती.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी तिथे पोचले. वहिनी माझ्याआधी आली होती. कुंड्यांच्या ओळीत उभी राहून ती एकेका फांदीला हात लावत होती. पानं ताठ होती. शनिवार-रविवारपर्यंत फुलतील अशा कळ्या, हिरव्या, भरलेल्या. सहा कुंड्या उठल्या नव्हत्या, त्यांत माझ्या बाटलीची पण एक. त्या आम्ही पत्र्याआड सरकवल्या.

मॅनेजर आठला आला. ओळीतून चालत गेला, बुटाच्या टोकानं एक कुंडी ढकलून पाहिली. ती हलली नाही.

"वजन आहे. किती आहेत?"

"चौऱ्याऐंशी," वहिनी म्हणाली. "बाकीची सहा रविवारच्या आत देतंय."

"ठीक. शनिवारी टेम्पो येईल. पहिल्या तारखेपासून बागेत येत जा."

तो गेटबाहेर पडेपर्यंत वहिनी हलली नाही. मग तिनं माझा दंड इतक्या जोरात धरला, की कालचे गोळे ओरडले. भाऊजींना म्हणाली, "चाय करा. साखर घाला बरी."

चहा पिऊन मी कामावर गेले. उशिराचा शेरा पडला. प्रयोगशाळेत गेल्या गेल्या सामान मागवण्याचा छापील कागद काढला आणि भरला: रिठे, दोन किलो. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'माती भिजवण्यासाठी', आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.