धोतरात गुंडाळलेली गादी

माझ्या मोठ्या मामांचं प्रेत आम्ही अकोल्याहून अमरावतीला गाडीत घालून आणलं, असं त्यांच्या गल्लीतले काही लोक आजही सांगतात. मामा हयात आहेत. रोज सकाळी त्याच गल्लीतून दूध आणायला जातात. तरीही.

दोष माझा आहे, हे आधीच सांगून टाकते. मी अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळेचं पर्यावरण मंडळ चालवते. भेटवस्तूंवरचा तो चकचकीत कागद दोन मिनिटांत फाटतो आणि मग वर्षानुवर्षं कुजत नाही, म्हणून माझा त्याच्यावर दात. बरीच वर्षं झाली, मी कोणाला कागदात गुंडाळून काही दिलेलं नाही. ओढणीत बांधून पुस्तकं दिली, टॉवेलात बांधून कपबशा दिल्या, एका बारशाला पितळी वाटी उशीच्या अभ्र्यात घालून दिली. (यातली खरी भेट कोणती, हे त्या बाळाच्या आईला अजून उमगलेलं नाही.) माझा नियम एकच. वेष्टनसुद्धा पुढे वापरात आलं पाहिजे.

मामांची पंच्याहत्तरी आली होती. त्याआधी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि विश्रांतीसाठी ते पंधरा दिवस आमच्याकडे राहिले. ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले. मामांना ते पटलं नव्हतं. दिवेलागणीला खिडकीशी बसून ते थंड आवाजात सांगायचे, "मंदे, माह्या पायाशी कोनीतरी येऊन बसते."

"कोन बसते, मामा?"

"चेहरा दिसत नाई. पांढरं काहीतरी. बोलत नाई, नुसतं बसून राह्यते."

माझ्या सासूबाईंनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमची झोप होत नाई. तुमची ती संगं आनलेली काथ्याची गादी टाकून द्या."

झालं, भेट ठरली. आमच्या शेतातला कापूस पिंजून घेतला, एक चांगली जाड गादी भरून घेतली. मामा शुक्रवारी पहाटेच्या गाडीने अमरावतीला परतले. भेटायला येणाऱ्यांची रीघ नको म्हणून मामींनी दार बंदच ठेवलं. त्यामुळे मामा परत आलेत, हे गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. रविवारी वाढदिवस. मामी फोनवर म्हणाल्या, "संध्याकाळी गुपचूप आना. मी त्यायले झोपवून ठेवतो आन् केक आनाले जातो. समोरच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं राहीन."

आता गादीला वेष्टन काय? मामा धोतर नेसतात. म्हणून मी एक नवंकोरं पांढरं धोतर घेतलं. गादी लांबट गुंडाळली, त्यावर धोतर लपेटलं. दोन्ही टोकं नीट दुमडली. चिकटपट्टी आमच्याकडे वर्ज्य, म्हणून जुन्या साडीच्या पट्ट्यांनी तीन ठिकाणी बांधलं, तेही सुरगाठीने, म्हणजे पट्ट्या न कापता सोडता येतात. कसर लागू नये म्हणून आत कापराच्या वड्या. वर सजावटीला प्लास्टिकचं फूल नको, म्हणून अंगणातला झेंडू आणि तुळस. नवं वस्त्र कोरं देऊ नये म्हणून सासूबाईंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं.

प्रत्येक गोष्टीला कारण होतं. सगळं मिळून काय दिसतंय, ते मात्र मी लांब उभी राहून पाहिलं नाही.

माझे यजमान दारात आले आणि थबकले. "हे काहून असं दिसून राह्यलं?"

"असं म्हंजे कसं?"

"काई नाई," ते म्हणाले. वीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतोच.

गादी गाडीत आडवी मावेना. मग डावीकडचं पुढचं सीट मागे पाडलं आणि ती समोरच्या काचेपासून मागच्या सीटपर्यंत लांब टाकली. मागे मी आणि सासूबाई. गादी गडगडू नये म्हणून सासूबाईंनी तिच्या टोकावर हात ठेवला होता. त्यांचा नुकताच मोतीबिंदू काढलेला. डोळ्यांवर काळा चष्मा, डोळ्यांतून सारखं पाणी, आणि ओठांवर नेहमीचा जप.

अकोला सोडलं आणि मला काहीतरी चमत्कारिक वाटू लागलं. रस्ता आम्हाला जागा देत होता. ट्रक बाजूला होत होते. हॉर्न कोणी वाजवत नव्हतं. एका फाट्यावर सायकलवरचा म्हातारा उतरला, टोपी काढून उभा राहिला आणि आमची गाडी पुढे जाईपर्यंत हलला नाही. नाक्यावर पोलिसाने हात करून थांबवलं, काचेतून आत पाहिलं, आणि मागे सरकून हळूच म्हणाला, "जा, साहेब. सावकाश जा."

मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवर रेडिओ चालू होता. आम्ही थांबताच तो बंद झाला. चहावाला स्वतः कप घेऊन गाडीपाशी आला. सासूबाईंकडे पाहून म्हणाला, "घ्या, माय. दोन घोट तरी घ्या."

"आज लोक किती चांगले वागून राह्यले," सासूबाई म्हणाल्या. मला ते चांगलं वाटेना. हिवाळ्याची संध्याकाळ, दोन्ही बाजूंना तुरीची काळवंडत चाललेली शेतं, आणि भेटेल तो माणूस आमच्याकडे बघून गप्प. गाडीत कापराचा वास दाटला होता. मामांच्या पायाशी बसणारं ते पांढरं मला आठवलं आणि मी उगाच पाय जवळ घेतले.

अमरावतीत गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि वीज गेली. मामांच्या शेजारी रहीमभाईंचं शिलाईचं दुकान आहे. मामा आणि रहीमभाई चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण एक बंडी. मामा म्हणाले ती आखूड शिवली, रहीमभाई म्हणाले पोट वाढलं. रहीमभाईंनी गाडीत पाहिलं, मशीनवरून उठले आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. ते पाहून समोरच्यानेही ओढलं. बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. एकीनेही हाक मारली नाही.

रहीमभाई माझ्याजवळ आले. आवाज अगदी खाली. "केव्हा झालं, ताई?"

"काल रातीच झालं. बांधूनबी तेव्हाच ठेवलं," मी म्हणाले. मलाही कुजबुजणं भाग होतं, मामा आत झोपलेले.

"लय तरास झाला काय?"

"लय. गाडीत मावतच नव्हतं."

त्यांनी डोळे मिटले. मग शिंप्याच्या सवयीने त्या गुंडाळीवरून नजर फिरवली. "छाती बेचाळीस होती. छत्तीसबी राह्यली नाई."

"दाबून बांधलं ना," मी म्हणाले.

"वैनीले मालूम हाय?"

"त्यायनंच तं सांगतलं, आवाज न करता आना म्हनून. त्या केक आनाले गेल्या."

रहीमभाईंनी गळ्यातली टेप काढून खिशात घातली. मग म्हणाले, "सदमा बसला असन त्यायले."

इतक्यात चार माणसं पुढे आली आणि त्यांनी गादी खांद्यावर घेतली, मागोमाग गल्लीतले बाकीचेही आत शिरले. जड होती, मदत मिळाली, मला बरं वाटलं. (हे मी अजूनही कबूल करते.) समोरच्या खोलीत अंधार, दारातून येईल तेवढाच उजेड. मामांचा पलंग आतल्या खोलीत, म्हणून मी म्हणाले, "तिकडं आत न्या." कोणीतरी म्हणालं, "नाई, ताई, खाली भुईवर. पाय दक्षिणेले करा."

गादीला पाय? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी अंधुक उजेडात पहिल्यांदा लांबून पाहिलं. पांढरं वस्त्र, तीन बंद, तुळस, कुंकू.  मी सांगायला तोंड उघडलं.

आणि तेवढ्यात ते हललं.

खांद्यांवरच्या हिंदकळण्याने माझ्या सुरगाठी सैल झाल्या होत्या. मधली पट्टी सुटली. गुंडाळी फुगली, एक मंद उसासा टाकल्यासारखा आवाज आला, आणि पांढऱ्या धोतरातल्या त्या आकाराने सावकाश कूस बदलली.

कोणी ओरडलं नाही. ओरडायला श्वास लागतो. वीस माणसं भिंतीला टेकली. त्याच वेळी आतलं दार करकरलं. हातात मेणबत्ती, अंगावर पांढरी बंडी आणि पांढरं धोतर, विस्कटलेले केस, असे मामा उंबऱ्यात उभे राहिले. झोपेतल्या जड आवाजात त्यांनी विचारलं, "एवढे लोक काहून जमले? कोन गेलं?"

रहीमभाईंच्या तोंडून निघून गेलं, "तुमी, भाऊ."

मामांनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे. मेणबत्ती तिरकी झाली आणि मला त्यांचं ऑपरेशन आठवलं. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. "मामा, गादी हाय ती. आमच्या कापसाची. वाढदिवसाची."

मामा खाली बसले. धोतर बाजूला करून त्यांनी गादी चाचपली, दाबली, पुन्हा दाबली.  रहीमभाई भिंतीशी उभे राहून रडत होते. लपवण्याचा प्रयत्नही करत नव्हते.

"तू काहून रडून राह्यला?" मामा म्हणाले. "तू तं बोलतबी नव्हता."

"म्हनूनच," रहीमभाई म्हणाले.

 मामांनी गादीवर बसायला जागा करून दिली आणि म्हणाले, "बंडी आखूडच हाय. पन बस."

मामी केक घेऊन आल्या तेव्हा दोघे शेजारी शेजारी गादीवर बसलेले, वीज आलेली, आणि कोणीतरी घाईने आणलेला मोठा हार मामांच्या गळ्यात. मामांनी तो स्वतःच मागून घेतला होता. त्या दिवसापासून मामांना शांत झोप लागते. पायाशी कोणी येत नाही.

यंदा मामांच्या नातीचं लग्न ठरलं. पत्रिकेत खाली ठळक अक्षरांत ओळ होती, 'कृपया आहेर आणू नये.' किती पुढारलेले विचार, म्हणून मी कौतुकाने मामींना फोन केला.

मामी म्हणाल्या, "बाकीच्यायले आम्ही तोंडी सांगतलं, खुशाल आना म्हनून. ती ओळ तुह्यासाठी छापली."