ज्वारीच्या पोत्यानं उचललेलं चाक

डिश आली तव्हा कुंभार पिंपळगावात आम्ही टीव्हीवर पह्यलं, गोरी पोरं बुटक्या सायकली हवेत उडवून राह्यलीत. त्याला म्हणं फ्रीस्टाइल म्हणतेत. मी रडून-रुसून बापाला तसलीच सायकल घ्यायला लावली. मला फक्त पुढचं चाक उचलायचं व्हतं, तेबी वर्गातल्या पोरांसमोर.

पण बाप सायकल घरी घेऊन आला तो मिस्तरीकडून सगळं बसवूनच. तिला कॅरियर, स्टँड, मडगार्ड, चेनकव्हर, घंटी, वरून लिंबू-मिरची. "आता बराबर सायकल दिसती," बाप मिशीवर हात फिरवत बोलला. "आधी कशी उघडीनागडी व्हती."

पोरं म्हणाली, "उचल की चाक!" मी हँडल ओढून ओढून कमरेत उसण भरून घेतली. चाक जागचं हाललं न्हाई.

"दूधवाले मामा, आधी रतीब घालून या!" एकजण खिदळला.

दुसऱ्या दिवशी आईनं कॅरियरवर ज्वारीचं पोतं बांधून मला दळणाला धाडलं. गिरणीचा चढ लागला, मागं भार आला अन् पुढचं चाक आपोआप वर! मी "आई गं!" म्हणून बोंबललो, पण चढावर उभ्या पोरांना तीबी इष्टाइलच वाटली. टाळ्या पडल्या.

गिरणीपुढं बसलेला बाप वरडला, "बघ! कॅरियर लावलं म्हून जमलं!"

मंग काय, आठवडाभर त्या चढावर पोरांची रांग, ज्याच्या त्याच्या मागं पोतं. आमच्या गावात फ्रीस्टाइल अशी आली, अन् एकाही आईला दळणासाठी पोराच्या पाया पडावं लागलं न्हाई.