पूनमचं दूध तोडलं तेव्हा

पूनमला सातवा लागला आणि सुमनताई लेकीच्या सांगवीच्या घरी राहायला आल्या. पूनम ऑफिसला गेली की त्या बाल्कनीत नाचणी निवडत बसायच्या, आणि मन हटकून पिंपळे गुरवच्या त्या भाड्याच्या खोलीत जायचं.

औशाहून लग्न होऊन त्या तिथं आल्या, तेव्हा उद्धवराव भोसरीला कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होते. खोली शालनबाईंची. गावातलं जुनं शेतकरी घर, नदीकडं रान, दाराशी म्हशी. भाडेकरणीला त्या लेकीसारखं वागवायच्या आणि लेकीसारखंच झापायच्या. सुमन तेव्हा काडीसारखी. दूध म्हटलं की नाक मुरडायची, उन्हात पाऊल टाकायची नाही. डोहाळेसुद्धा चिंचेचे आणि भाजक्या मातीचे.

पूनम झाली, अंगावर पिऊन छान बाळसं धरू लागली. आणि एका सकाळी पाण्याची कळशी उचलताना सुमनच्या पाठीत कट्‌कन वाजलं. ती तिथंच बसली. बाळंतपणाची कळ परवडली, असं ते दुखणं.

चिंचवडच्या दवाखान्यात फोटो काढला. मणका दबला होता.

"एवढ्या तरण्या बाईचा?" उद्धवराव बघतच राहिले.

"क्वचित एखादीला होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटातल्या बाळाची हाडं घडायला कॅल्शियम लागतं. बाळ आणि वार, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती, मिळून एक हार्मोन सोडतात, त्याच्या जोरावर वार हे कॅल्शियम आईच्या रक्तातून ओढून घेते. आईचं शरीरही तयारीत असतं, खाल्लेल्यातलं कॅल्शियम दुपटीनं शोषतं. पण खाण्यातच नसेल तर हाडातून जातं. बाळंतपणानंतर तेच हार्मोन छातीतून सुटतं आणि दुधासाठी हाडातलं काढतं. दूध तुटलं की बहुतेकींची हाडं परत भरतात. यांची मुळातच कच्ची होती. आता अंगावर पाजणं थांबवावं लागेल."

सुमनला ऐकू आलं ते शेवटचं वाक्य तेवढं.

शालनबाईंना कळलं तशा त्या म्हणाल्या, "लेकरानं हाडं खाल्ली गं तुजी."

"माझ्या लेकराला काही म्हणू नका, मावशी!" सुमन पडल्या पडल्या कडाडली. "त्या जिवाला काय कळतंय? तिला लागलं, माझ्या अंगानं दिलं."

शालनबाईंनी पदर खोचून पूनमला उचललं.

ते दिवस सुमनला जन्मात विसरता आले नाहीत. बाहेर पोर रडली की इकडे पान्हा फुटायचा, पोलकं भिजायचं, छाती दगडासारखी ठणकायची. खिडकीतून दिसायचं, शालनबाई गोठ्यापाशी कोवळ्या उन्हात फेऱ्या घालताहेत, वाटी-चमच्यानं डब्याचं दूध पाजताहेत आणि पूनम त्यांच्या खांद्यावर झोपी जातेय. सुमनला हेवा वाटायचा. एकदा तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

शालनबाईंनी ते पाहिलं. झोपलेलं लेकरू आणून त्यांनी तिच्या कुशीत ठेवलं. "बघ तरी. झोपंतबी ओठ कसं हलवतीया. तुलाच हुडकतीया ती. मी काय, चमच्याची धनीण हाय." मग म्हशीच्या दुधाचा पेला पुढं केला. "आन् तू ह्ये पी. नाक मुरडू नगंस."

सुमननं डोळे मिटून तो रिकामा केला. पुढं गोळ्या, ऊन, नाचणीची भाकरी आणि शालनबाईंचा पेला असं वर्षभर चाललं. हाडं खरंच भरली. पाठीला किंचित बाक राहिला. उंचीनं उद्धवरावांच्या कानापर्यंत येणारी ती हनुवटीशी आली.

आता शालनबाई नाहीत. गोठ्याच्या जागी बारा मजली इमारत आहे. सुमनताई कधी त्या रस्त्यानं गेल्या, तर रिक्षावाल्याला जरा हळू घ्यायला सांगतात.

"आई, मलाही तसं होईल का गं?" एका संध्याकाळी पूनमनं विचारलं. डॉक्टरांनी तिच्या तपासण्या केल्या होत्या, सगळं ठीक होतं. तिला विचारायचं होतं ते वेगळंच. "माझ्यामुळेच तुझी पाठ गेली ना?"

"येडी का काय? तू मागायला आली होतीस होय? आन् गेलेलं परत भरलं की. तुला पाजायचं राहिलं, तेवढंच भरलं नाही."

पूनमनं आईचा हात घट्ट धरला.

मुलगी झाली. दवाखान्यात पूनमनं तिला पहिल्यांदा छातीशी धरलं. लेकरू आधी चाचपडलं, मग घुटूघुटू प्यायला लागलं. सुमनताई पलंगाशी सरकल्या आणि तो आवाज कान देऊन ऐकत राहिल्या.