मोतीराम आणि शेठचा तापलेला डबा

रोह्यात कोलाड रस्त्याला जनू मिस्त्रीचं गॅरेज होतं. गाडीच्या पोटातलं दुखणं ओळखणारा त्या गॅरेजात एकच माणूस, मोतीराम. जनू मालक खरा, पण इंजिनाचा आवाज जरा बदलला की तोही आधी मोतीरामच्या तोंडाकडे बघायचा. गिऱ्हाइकापुढे मात्र कबूल करायचा नाही. का, तर मोतीराम कातकरी, वाडीवरचा. कातकऱ्याच्या हातात गाडी दिली म्हटल्यावर लोक काय म्हणतील! लोकांच्या बापाचं काय जातं म्हणायला? भर उन्हात गाडी बंद पडली की हेच लोक चहाचा ग्लास घेऊन त्याच्यापुढे उभे राहायचे.

मोतीरामचं लहानपण कोळशाच्या भट्ट्यांवर गेलं. बाप रानात भट्टी लावायचा आणि हा राखण करायचा. आत लाकूड जळतंय की नुसतं धुमसतंय, हे त्याला धुरावरून कळायचं. पंधराव्या वर्षी तो जनूकडे पार्ट धुवायला लागला. त्या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली होती. बायको पारी म्हणायची, "तुमाला मानसांपेक्षा गाड्यांचंच जास्त आयकू येतं." त्यावर तो हसायचा, पण नाही म्हणायचा नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी तीनची वेळ, धाटावच्या कारखान्यांची पहिली शिफ्ट नुकतीच सुटलेली, समोरच्या टपरीवर कामगारांची ही गर्दी. तेवढ्यात जीपच्या मागे दोरानं बांधलेली एक पिवळी गाडी गॅरेजपुढे आली आणि जीपमधून दत्तात्रेय शेठ तणतणत उतरला.

हा शेठ पेणचा. धाटावच्या कंपन्यांना कामाला माणसं पुरवायचा. गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण! पंधरा वर्षं जुनी जपानी स्पोर्ट्‌स कार, कुणा बोटीवरच्या कप्तानानं तिकडून आणलेली. पुढे दोन सीट, मागे नावाला एक बाकडं. तिला बिनशिशाचं पेट्रोल लागायचं. ते तेव्हा पेणलाही मिळत नव्हतं, रोह्याचं तर नावच नको. शेठ मुंबईहून कॅन भरून आणायचा आणि थेंबाथेंबाला जपायचा. आदल्याच पंधरवड्यात त्यानं काळुराम नावाचा ड्रायव्हर ठेवला होता. दोन सीटच्या गाडीला ड्रायव्हर! हौसेला मोल नाही म्हणतात ते उगीच नाही.

"दहा दिवसांपूर्वी ह्यानं ट्यूनिंग केलं," शेठ मोतीरामकडे बोट करून ओरडला. "तवापासून जळका वास येतोय. आज कंपनीच्या गेटावर गाडी लावली, तर खालचं गवत पेटलं! सीटखालचा गालिचा करपला. वॉचमननं वाळू टाकली म्हणून गाडी वाचली. परत पेटंल म्हणून चालू न करता ओढत आणली."

मोतीराम गाडीखाली शिरला. ह्या गाडीला सायलेन्सरच्या आधी एक लोखंडी डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धुरातलं विष तो आतल्या आत जाळून टाकतो. डब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तो डबा तापून निळा-काळा पडला होता.

"डबा तापलाय शेठ," तो बाहेर येऊन म्हणाला. "पण का तापला ते बघावं लागंल."

"बघायचं काय त्यात? तुझ्या हातानं तापला!" शेठ टपरीवरच्या साऱ्यांना ऐकू जाईल असा गरजला. "उंदरं खणणारी जात तुमची. तुमाला गाडीतलं काय कळतंय? जनू, ह्याला पाना दिलास तिथंच चुकलास."

टपरीवर दोघं-तिघं फिदीफिदी हसले. मोतीरामच्या मुठी वळल्या. जनूनं त्याला दंडाला धरून आत नेलं.

"हात जोड आणि चुकलो म्हण," जनू कुजबुजला. "दोन शब्दांत मिटंल. शेठ गेला तर धाटावच्या साऱ्या जीपांचं काम जाईल रे."

"आनि नाय जोडले तर?"

"मग उद्यापासून येऊ नको."

सतरा वर्षं, आणि हे! मोतीरामच्या डोक्यात सणक गेली. न केलेली चूक एकदा पदरात घेतली की रोह्यातली प्रत्येक जळकी वायर आपल्याच नावावर लागणार, हे त्याला लख्ख कळत होतं. कातकऱ्यावर संशय घ्यायला लोकांना निमित्त लागत नाही. हे तर आयतंच मिळणार होतं.

तो बाहेर आला. "शेठ, उद्या दुपारपर्यंत गाडी हितं ठेवा. चूक माझी निघाली तर ह्या रस्त्यावर परत दिसणार नाय. पन हात जोडायचं आजच नाय जमणार."

शेठनं जनूकडे बघितलं. जनू जमिनीकडे बघत होता. "बघू तर खरं काय दिवे लावतोस," म्हणून शेठ जीपमध्ये बसून गेला.

सकाळी मोतीरामनं चारी प्लग काढले. पेट्रोल जास्त जात असेल तर प्लग काजळतो. हे चारही बिस्किटाच्या रंगाचे, एकाचीही तक्रार नाही. मग अर्धा तास इंजिन जागेवर चालू ठेवलं. ओल्या फडक्यानं डब्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र झालं, पण डबा काही लाल होईना. मग स्वतः कोलाडपर्यंत गाडी नेऊन आणली. सपाट रस्ता, मधूनमधून चांगला वेगही घेतला. डबा तापला तो तापायला हवा तेवढाच. इंजिन धडधाकट होतं. ट्यूनिंग सुईच्या टोकाएवढंही हललं नव्हतं.

डबा एवढा तापतो तो इंजिनात न जळलेलं, कच्चं पेट्रोल आत जाऊन पेटलं तरच. मग ते डब्यापर्यंत जातं कुठून? भट्टीत धग कोंडली की कुणीतरी वरून माती ढकललेली असते, आपोआप काही होत नाही. गाडीत दोष नसेल तर तो गाडी चालवण्यात असणार.

दुपारी शेठ आला, बरोबर काळुराम. मोतीराम म्हणाला, "काळुदादा, पेणच्या वाटेनं भिसे खिंडीपर्यंत चल. रोजच्यासारखी चालव, माझ्याकडं बघू नको." शेठचा विश्वास कुठला! तोही निघाला. पुढची सीट मोतीरामनं घेतली, कारण कान लावायला त्याला तीच हवी होती. शेठ मागच्या बाकड्यावर गुडघे हनुवटीला लावून बसला. टपरीवाल्यांनी हे डोळे भरून बघून घेतलं.

खिंड चढून गाडी पलीकडे वळवली आणि परत रोह्याकडे उतार लागला. माथ्यावर काळुरामचा हात सवयीनं चावीकडे गेला, कट्‌, चावी एक घर मागे. इंजिनाची घरघर थांबली. गियर तसाच, गाडी वाऱ्याच्या आवाजात उतरत राहिली. मोतीराम कान लावून ऐकत राहिला. पायथ्याशी काळुरामनं चावी पुढे फिरवली आणि मागे सायलेन्सरमध्ये फाडकन बार उडाला.

"थांबव! गवतावर नको, खडीवर घे."

मोतीराम आडवा झाला. "या शेठ. वाकून दिसायचं नाय, झोपावं लागंल."

पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला शेठ खडीवर आडवा झाला. डबा पळसाच्या फुलासारखा लालभडक पेटला होता.

"चावी बंद म्हंजी ठिणगी बंद," मोतीराम म्हणाला. "पन उतारावर चाकं इंजिनाला फिरवतातच. इंजिन पेट्रोल वढतंय, जाळत नाय. सगळं कच्चं पेट्रोल तसंच डब्यात. डबा आधीच गरम, तिथंच पेटतंय. जाता-येता रोज दोनदा."

काळुरामचा चेहरा पडला. "वीस वरसं ट्रक चालवला शेठ. घाट उतरताना चावी बंद, हेच शिकलो."

शेठ त्याच्यावर धावून गेला, तसा मोतीराम मध्ये उभा राहिला. "त्याला कशाला? ट्रकला हा डबाच नसतो. त्याला कुनी सांगितलं होतं? रोज शेजारी बसून इंजिन बंद पडताना तुमी आयकत व्हता ना?"

काळुराम हळूच म्हणाला, "शेठ तर म्हनले, पेट्रोल वाचवतोस, शाब्बास."

शेठ कपड्यांवरची धूळ झटकत पुन्हा मागच्या बाकड्यावर जाऊन बसला.

गॅरेजवर पोचले तेव्हा पुन्हा शिफ्ट सुटलेली, टपरी भरलेली. शेठनं चावी पुढे केली. "बरं बरं, झालं गेलं. नवा डबा मागव नि बसव. तुलाच जमंल ते."

मोतीरामनं चावी घेतली नाही. "काल हितंच बोललात. आता हितंच सांगा."

"चूक त्याची नव्हती," शेठ पुटपुटला.

"मोठ्यानं शेठ. काल टपरीपर्यंत आयकू आलं व्हतं."

शेठचे कान तापले. पण गाडी पिवळी, जीव की प्राण, आणि रोह्यात दुसरा माणूस नाही. "मोतीरामची चूक नव्हती!" तो ओरडला. टपरीवर आज कुणी हसलं नाही.

जनूनं लगेच चावी घ्यायला हात पुढे केला. मोतीराम जागचा हलला नाही.

"हे पान्याचं झालं," तो म्हणाला. "आता जातीचं जे बोललात ते मागं घ्या."

शेठनं टपरीवरच्या गर्दीकडे बघितलं. "कातकऱ्याची माफी? मी?" तो म्हणाला. "गाडी मुंबईला नेऊन करीन, पण हे नाय."

मोतीरामनं खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले. "मग गाडीला मी हात नाय लावनार." आणि तो जनूकडे बघत थांबला. उद्या यायचं की नाही, ते आता जनूच्या तोंडून यायचं होतं.

जनूनं पुढे केलेला हात मागे घेतला. धाटावच्या साऱ्या जीपा त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या असतील.

"शेठ," तो म्हणाला, "गाडी मुंबईला न्यायला टेम्पो बोलवू काय?"