गुलाल धरणारा दोरा

मी पदवीधर झालो तो आत्यामुळं. हुपरीत मशीनवर जर्सींवरची नावं दोऱ्यानं भरून तिनं मला शिकवलं. मैदानात गुलाल उडाला की आजही तीच आठवते. सगळे संघ छपाईकडं वळले, तेव्हा ती मशीन विकायला निघाली होती. मी मात्र हट्टानं कोल्हापुरात पेठेतल्या फुटबॉल संघाकडं दोन जर्सी नेल्या, एक छापलेली आणि एक तिनं भरलेली. दोऱ्याचं काम पक्कं असतं हे दाखवायला दोन्हींवर गुलाल चोळून त्या तिथंच धुतल्या. छपाई स्वच्छ निघाली. दोऱ्यांत गुलाबी रंग तसाच राहिला. माझं तोंड उतरलं. तसा कप्तान हसला, "पावणं, जिंकल्याचा गुलाल काढायचा कुणाला हाय? दोऱ्याचीच करा की!" मी लगेच पत्र टाकलं: "आत्या, मशीनला तेल घाल. अख्ख्या संघाच्या जर्सी घेऊन रविवारी येतोय."