दुसऱ्या बाजूची ओळ

मठातल्या बायका तिला पाठीमागे ‘पुन्हाताई’ म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. दाराला कडी लावून ती चार पावलं जाई, परत येई, कडी हलवून बघे. वेदीवरची मेणबत्ती विझवली तरी वातीपाशी बोट नेऊन खात्री करी. हे चालून गेलं असतं. पण प्रार्थनेचंही तेच. जपमाळेचे मणी ओढता ओढता मन जरा भरकटलं, धुलाईघरातल्या ओल्या चादरींवर किंवा दुखऱ्या दाढेवर जाऊन बसलं, की ती पहिल्या मण्याकडे परत जाई. बाकीच्या जेवून हात धुवायच्या, तेव्हा ही अजून चॅपेलात गुडघ्यांवर.

“पुन्हाताईंचं ताट झाकून ठेवा गं,” स्वयंपाक बघणारी सिस्टर म्हणे. “त्यांचा देव जरा कमी ऐकतो.”

घरी असतानाही ती अशीच होती. सगळे झोपायला गेले की उठून चूल विझली का बघायची. आई चिडून म्हणायची, “अगं, घर जळलं तर आम्हालाही कळेल की!” मठात जायचं ठरवलं तेव्हा तिला वाटलं होतं, तिथे भीती उरणार नाही. जाड भिंती, ठरलेल्या घंटा, सगळं देवाच्या हवाली. पण भीतीही आपलं बोचकं उचलून मागोमाग आली आणि शेजारच्या खाटेवर पसरली.

पापनिवेदनाला ती गेली की फादर जाळीपलीकडे आधीच सुस्कारा सोडत.

“फादर, सकाळची प्रार्थना लक्ष न देता म्हटली.”

“मग?”

“पुन्हा म्हटली. तेव्हाही लक्ष नव्हतं.”

“सिस्टर, तुमचं लक्ष नव्हतं. त्याचं होतं ना?”

हे उत्तर तिला पटत असे, पण फक्त जाळीपासून दारापर्यंत. दाराबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा धाकधूक सुरू.

ही धाकधूक तिच्यात मुळातच होती. पण तिला शिस्त लावली मोठ्या मदरनी. नव्याने आलेल्या मुलींना घडवायचं काम तेव्हा त्यांच्याकडे होतं. उंच, ताठ, आवाज न चढवता माणसाला घाम फोडणाऱ्या. एखादी मुलगी प्रार्थनेत अडखळली की त्या पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणत, “पुन्हा म्हण.” बाकीच्या मुली पुढे ते हसण्यावारी नेत. ही एकटी ते दोन शब्द गिळून बसली, आणि ते तिच्या आत कायमचे राहिले.

आता मोठ्या मदर आजाऱ्यांच्या खोलीत होत्या आणि त्यांची देखभाल पुन्हाताईकडे आली होती. अंग खंगलं होतं. स्मरणशक्ती तर अशी विरली होती, की मठातल्या कुणाचंही नाव त्यांना धड आठवत नसे. एक नियम मात्र शाबूत होता. त्या मठात दुपारची प्रार्थना झाल्याशिवाय कुणी घास घेत नसे. आजाऱ्याला त्यातून सूट होती. पण आपण आजारी आहोत हेच मदर विसरल्या होत्या. समोर वाडगा आला की त्या विचारत, “प्रार्थना झाली?” आणि झाली म्हटलं तरी विश्वास बसत नसे. सूप निवून वर साय धरेपर्यंत त्या तीच स्तोत्रं पहिल्यापासून सुरू करत, मधेच हरवत, परत पहिल्या ओळीवर येत. शेवट येतच नसे. आणि शेवट आल्याशिवाय तोंड उघडत नसे.

त्यांची मनगटं दिवसेंदिवस बारीक होत गेली. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर हॉस्पिटलात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. हॉस्पिटलचं नाव काढलं तरी मदर पलंगाचा कठडा घट्ट धरत. मठाच्या प्रमुख सिस्टर व्यवहारी बाई. त्या म्हणाल्या, “आज जेवल्या तर ठीक. नाहीतर उद्या दुपारी गाडी बोलावते.”

त्या दिवशी जेवण भरवायला स्वयंपाकवाल्या सिस्टर स्वतः आल्या. “प्रार्थना? कधीच झाली मदर! काय सुंदर झाली आज!” त्या तोंडभर हसून म्हणाल्या.

मदरनी डोळे बारीक केले. “शेवटचं स्तोत्र कोणतं होतं?”

सिस्टरांची बोबडी वळली. मदरनी मान वळवली, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पुन्हाताईवर नजर रोखली. आणि देव जाणे कोणत्या विरलेल्या कपड्याचा कोणता धागा त्यांच्या हाती लागला!

“ही खोटं बोलत नाही,” त्या म्हणाल्या. “तू सांग गं. मी प्रार्थना म्हटली का?”

दाराशी आलेल्या प्रमुख सिस्टर डोळ्यांनी विनवत होत्या. एवढंसं ‘हो’. लहान मुलाची समजूत काढताना बाई दिवसातून पन्नासदा बोलते तेवढं.

“नाही, मदर,” पुन्हाताई म्हणाली.

मदरनी वाडगा हाताने सारला. सूप चादरीवर सांडलं आणि हळूहळू पसरत गेलं.

बाहेर व्हरांड्यात स्वयंपाकवाल्या सिस्टर तिच्यावर घसरल्या. “धन्य आहे तुमची! एक शब्द बोलला असतात तर नरकात जाणार होतात का?”

“मला माहीत नाही,” पुन्हाताई म्हणाली. आणि तिला खरंच माहीत नव्हतं.

प्रमुख सिस्टर रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “गाडी सांगते मी,” एवढंच म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हाताईचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने मदरचे केस विंचरले, नखं कापली, हॉस्पिटलात न्यायची पिशवी भरली. टॉवेल घातला की नाही म्हणून पिशवी उघडली. उघडली तर टॉवेल होता. बंद केली, परत उघडली. मदर पलंगावर बसून पुटपुटत होत्या. एक ओळ, दुसरी ओळ, मग ओठ नुसतेच हलत, कपाळावर घाम येई, बोटं चादरीत काहीतरी शोधू लागत. आणि परत पहिली ओळ.

पिशवीचा बंद हातात धरून ती बघत राहिली. ही बोटं तिच्या ओळखीची होती. मण्यावर मागे सरकणारी, कडी हलवून बघणारी, थंड वातीपाशी जाणारी. स्वतःच्या भीतीची तिला नेहमी लाज वाटत आली होती, चीड आली होती. कीव कधी आली नव्हती. आता समोरच्या म्हातारीच्या कपाळावर तीच भीती घामासारखी दिसली आणि तिला कीव आली. केवढी दमली आहे ही, तिला वाटलं. किती वर्षांची दमली आहे.

सूप आलं. व्हरांड्यातून प्रमुख सिस्टरांचा फोनवरचा आवाज येत होता: गाडी निघाली होती.

“प्रार्थना झाली?” मदरनी विचारलं.

“नाही झाली,” पुन्हाताई म्हणाली. “आता करायची आहे. तुम्ही खिडकीच्या बाजूच्या, मी भिंतीच्या.”

चॅपेलात त्या दोन बाजूंनी उभ्या राहत. स्तोत्राची एक ओळ खिडकीच्या बाजूने म्हणायची, दुसरी भिंतीच्या बाजूने. एक बाजू म्हणत असताना दुसरी गप्प. त्या गप्प राहण्यातही ती ओळ आपलीच असते, हे मदरनीच मुलींना शिकवलं होतं.

मदर ताठ झाल्या. पहिली ओळ त्यांनी खणखणीत म्हटली.

“आता माझी बाजू,” पुन्हाताई म्हणाली. “तुमची गप्प.” आणि आपली ओळ म्हणता म्हणता तिने चमचा पुढे केला. मदरची ओळ म्हणून झाली होती; तोंड रिकामं होतं, कामात नव्हतं. ते उघडलं.

एक ओळ त्यांची, एक हिची. हिच्या ओळीत एक चमचा. पण हे म्हणजे तारेवरची कसरत. सूप गरम तर नाही ना, हनुवटीवर ओघळलं, गिळलं का, ठसका तर लागणार नाही. डोळे चमच्यावर आणि ओठांवर स्तोत्र, आपोआप, वाटेल तसं. इतक्या विस्कटलेल्या मनाने तिने जन्मात प्रार्थना म्हटली नव्हती. मदर अडकल्या की ती त्यांचीही ओळ उचले, लगेच आपली म्हणे, चमचा पुढे करी. शेवटी व्हायचं तेच झालं. गडबडीत तिने एक अख्खी ओळ गाळली.

मदरचे ओठ मिटले. “ओळ सुटली,” त्या म्हणाल्या.

“हो, मदर.”

“पुन्हा म्हण.”

पुन्हाताईच्या तळपायापासून ती जुनी कळ वर चढत आली. मागे जा, पहिल्या ओळीवर जा, नाहीतर सगळं फुकट. अंगणात गाडी वळल्याचा आवाज झाला. मागे गेली असती तर मदरही गेल्या असत्या, आणि तिथून दोघी परत आल्या नसत्या.

“नाही म्हणणार,” ती म्हणाली. “सुटली ती सुटली. त्याने ऐकली असेल. तोंड उघडा.”

मदर तिच्याकडे बघत राहिल्या. घडवणारीच्या त्या नजरेखाली तिला दरदरून घाम फुटला. तरी चमचा तिने खाली घेतला नाही.

“उद्धट आहेस,” मदर म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.

वाडगा संपायला आला तेव्हा प्रमुख सिस्टर दारात उभ्या होत्या. मागे गाडीवाला टोपी हातात घेऊन. सिस्टरांनी वाडग्यात डोकावून पाहिलं, मग पुन्हाताईच्या तोंडाकडे.

“गाडी परत पाठवते,” त्या हळूच म्हणाल्या. “आजच्यापुरती.”

आजच्यापुरती. संध्याकाळी परत वाडगा येणार होता, परत तोच प्रश्न, आणि संध्याकाळी हे जमेल याची काही हमी नव्हती. गाळलेली ओळ पुन्हाताईला दातात अडकलेल्या कणासारखी सलत होती. चॅपेल व्हरांड्याच्या टोकालाच होतं. जाऊन एकदा नीट म्हणून आलं तर कुणाला कळणारही नव्हतं. ती उठली.

मदरना झोप लागली होती, पण त्यांनी तिची बाही मुठीत धरून ठेवली होती. मूठ सैल होती. जरा ओढली असती तर सुटली असती.

ती परत खाली बसली.